कळपाने शिकार करायला अक्कल लागते का? कोळसुंद्यांपासून डायनासोरपर्यंत

मोलेकर

मंडळी, टोळीने शिकार करणारा प्राणी म्हणजे हुशार प्राणी, असं आपण सरसकट धरून चालतो. कोळसुंद्यांनी, म्हणजे आपल्या जंगली कुत्र्यांनी, सांबर घेरलं की "बघा, कसा डाव रचला" म्हणायचं. सिनेमातल्या एका रॅप्टरने समोरून लक्ष वेधलं आणि दुसरा बगलेतून आला की डायनासोरही सेनापती ठरतात.

माझं मत उलट आहे. रिंगण पडलेलं दिसतं म्हणून कुणाच्या तरी डोक्यात रिंगणाचा नकाशा होता, असं होत नाही. तरी तीन गोष्टी जाणकारांकडून हव्यात. एकत्र शिकारीला खरोखर डोकं किती लागतं? सहकार्य वेगळं आणि चार जण एकाच वेळी एकाच जनावरामागे लागणं वेगळं, तर हा फरक ओळखायचा कसा? आणि जे प्राणी दगड होऊन बसलेत त्यांच्याबद्दल ही विधानं कशाच्या जोरावर केली जातात?

"आमच्या मामाने पाहिलं होतं" छापाचे किस्से नकोत. पुरावा आणा.

आयतोबा

मामा नाहीत तर धागा चालणार कसा? असो, पाट टाकून बसलोय.

रानवाट

मोलेकरबाब, तुमच्या अंगणापासूनच सुरू करते. गोव्यातल्या म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव या जंगलपट्ट्यात जमिनीवर कळपाने शिकार करणारा मोठा शिकारी एकच, कोळसुंदा. वजन जेमतेम १२ ते २० किलो. सांबराचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो. एकट्याच्या आवाक्यातलं काम नाही, म्हणून कळप.

दाट झाडोऱ्यात कळप पांगून चालतो. सगळे एकमेकांना दिसत नाहीत, संपर्क शिट्टीसारख्या आवाजाने राहतो. ज्याच्यासमोर जनावर उठतं तो मागे लागतो, बाकीचे त्या दिशेला वळतात. आता भक्ष्य काही सरळ रेषेत पळत नाही. ते वळलं की वळणाच्या आतल्या अंगाला जो असतो त्याला अंतर कमी पडतं आणि तो आधी पोचतो. बघणाऱ्याला वाटतं, हा तिथे दबा धरून बसला होता.

मोठ्या जनावराला बिबट्यासारखा गळ्याचा चावा ते घेत नाहीत. पुठ्ठे, कुशी, कधी नाक धरतात. पोट फाडलं जातं, जनावर रक्तस्रावाने आणि धक्क्याने मरतं, पुष्कळदा खाणं सुरू झाल्यावर. खाण्याचा वेग भयंकर असतो, कारण वाघ-बिबट्या येऊन शिकार हिसकावू शकतो. बरोबर फिरू लागलेली पिल्लं असतील तर आधी त्यांना खाऊ देतात.

फसतं कुठे? सांबर पाण्यात शिरलं की. त्याचे पाय तळाला टेकलेले असतात, कोळसुंद्याला पोहावं लागतं, आणि पोहणाऱ्याला झेप घेता येत नाही. मग काठावर ताटकळत बसणं आलं. गवा पिल्लाला मागे घालून तोंड वळवून उभा राहिला तरी तेच. पळणाऱ्याच्या मागून चावता येतं, उभ्याच्या समोरून नाही.

ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७६ ते १९७८ या काळात बंडीपूरला कोळसुंद्यांचा अभ्यास केला. भारतातल्या कोळसुंद्यांवरचं नंतरचं बरंचसं काम त्यावर उभं आहे.

कट्टाकुचकट

सांबर पाण्यात, कोळसुंदे काठावर. खरी अक्कल कुणाला आहे ते कळलं.

गणिती_गाढव

रानवाट यांचं वळणाच्या आतल्या अंगाचं निरीक्षण सोन्यासारखं आहे. २०११ साली मुरो आणि सहकाऱ्यांनी लांडग्यांच्या शिकारीचं संगणकावर प्रतिरूप केलं. प्रत्येक लांडगा म्हणजे एक ठिपका, त्याला फक्त दोन नियम. एक, भक्ष्याच्या दिशेने जा, पण ठराविक सुरक्षित अंतराच्या आत शिरू नको. दोन, त्या अंतरावर पोचलास की तिथे आधीच असलेल्या इतर लांडग्यांपासून लांब सरक. बस. पुढारी नाही, इशारा नाही, कोण कुठे जाणार याची वाटणी नाही.

ठिपके सोडले की ते पाठलाग करतात, भक्ष्याभोवती पसरतात आणि रिंगण पुरं करतात. भक्ष्य गोल फिरून उलटं पळालं तर मागे राहिलेला एखादा ठिपका आपोआप त्याच्या वाटेत सापडतो, की दबा धरल्याचा देखावा तयार!

कुणाला स्वतः करून बघायचं असेल तर पाच ठिपके पुरतात. दर पावलाला प्रत्येकाची दिशा दोन बाणांची बेरीज करून काढायची, एक भक्ष्याकडे, एक शेजाऱ्यापासून लांब. दुसरा नियम काढून टाकला की सगळे ज्या बाजूने आले त्याच बाजूला अर्धचंद्रात अडकतात, पलीकडची बाजू मोकळी राहते. सुरक्षित अंतर शून्यावर आणलं तर भक्ष्यावर ढीग होतो, रिंगण बनतच नाही. म्हणजे रिंगण बनतं ते शिंगांच्या आणि खुरांच्या भीतीमुळे.

कट्टाकुचकट

लग्नाच्या बुफेलाही हेच दोन नियम. भांड्याकडे सरका, दुसऱ्याच्या कोपरापासून लांब राहा. शागोतीभोवती परिपूर्ण रिंगण पडतं आणि कुणाची आधी बैठक झालेली नसते.

मांजरपंथी

बुफे आवडला, पण युक्तिवादात भोक आहे. दोन नियमांनी रिंगण बनू शकतं एवढंच सिद्ध झालं. लांडगा प्रत्यक्षात तेच दोन नियम वापरतो हे कुठे सिद्ध झालं? 'पुरेसं' आणि 'खरं' यात फरक आहे, गणितीबाबांना हे मी सांगायला हवं का?

आता सिंहिणी घ्या. नामिबियातल्या एतोशात स्टँडर यांनी केलेला अभ्यास १९९२ साली आला. तिथे काही सिंहिणी कायम बगलेला जातात, लांबून वळसा घालून. काही कायम मध्यभागी दबून बसतात. बगलेवाल्या जनावर हाकतात आणि ते मधल्यांच्या अंगावर जातं. ज्या शिकारीत बहुतेकींना नेहमीची जागा मिळाली त्यात यशाचं प्रमाण जास्त होतं. एतोशाची उघडी, सपाट जमीन लक्षात घ्या, लपायला आडोसा नाही. एकटीने हरणापर्यंत पोचणं जवळपास अशक्य. ठरलेल्या जागा असणं म्हणजे कामाची वाटणीच की.

गणिती_गाढव

वाटणी आहे, मान्य. पण ती डोक्यातून आली की सवयीतून? चपळ, हलकी सिंहीण लांब धावते आणि तिला बगलेला यश मिळतं, म्हणून ती पुन्हा बगलेला जाते. जड असते ती मध्ये बसते. प्रत्येकीने फक्त स्वतःचा अनुभव लक्षात ठेवला तरी वाटणी तयार होते. दुसरीच्या मनात काय आहे हे ओळखायची गरज पडत नाही.

आणि तुमच्याच सिंहांबद्दल शील आणि पॅकर यांचं टांझानियातल्या सेरेंगेटीतलं १९९१ चं काम बघा. भक्ष्य एकटीला जमण्यासारखं असलं, रानडुकराएवढं, तर बाकीच्या बऱ्याचदा बसून बघतात. रेडा किंवा झेब्रा असला की उठतात. कामचुकारपणाचं बारीक गणित आहे ते.

आयतोबा

सिंहीण शिकारीला आणि बाकीच्या बसून बघतात. हे अभयारण्य आहे की आमचं ऑफिस?

रानवाट

कामचुकारपणावर लांडग्यांची आकडेवारीही आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये मॅकनल्टी आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं प्रत्यक्ष पाहिलेल्या शिकारी मोजल्या. एल्क हरणाच्या बाबतीत चार लांडग्यांपर्यंत यश वाढतं, त्यापुढे माणसं वाढवून उपयोग नाही. (माणसं म्हणजे लांडगे, समजून घ्या.) पाचवा-सहावा धावतो, पण चावायच्या क्षणी मागे राहतो, कारण लाथ बसली तर जबडा किंवा बरगडी मोडते आणि खायला तर तसंही मिळणारच असतं. बायसनच्या शिकारीत मात्र ९ ते १३ लांडग्यांपर्यंत यश वाढत जातं. बायसन इतका अवघड की कामचुकारपणा केला तर कुणालाच काही मिळत नाही.

मग मोठे कळप का टिकतात? एक कारण चक्क कावळे. मोठं जनावर मारलं की डोमकावळे मांसाचा मोठा वाटा पळवतात. तोंडं जास्त असली की मांस लवकर संपतं आणि कावळ्यांच्या वाट्याला कमी जातं. कळपाचा आकार शिकारीपेक्षा शिकारीनंतर ठरतो, असं हे कोडं आहे.

आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांचंही तसंच. ओकावांगोच्या झाडीत गळ्यात जीपीएस पट्टे बांधून केलेल्या कामात (२०१६) जे मिळालं ते पुस्तकातल्या लांबलचक सांघिक पाठलागापेक्षा वेगळं होतं. कुत्रे वेगवेगळे, छोटे, वेगवान पाठलाग करतात, बहुतेक फसतात, पण एकाचं जमलं की सगळे खातात. सहकार्य धावण्यात नाही, वाटून खाण्यात आहे. उघड्या गवताळ मैदानावर चित्र वेगळं असू शकतं. म्हणून कोळसुंद्यांबद्दल वर लिहिलंय तेही झाडीतलं आहे, माळरानाला जसंच्या तसं लावू नये.

मोलेकर

अप्रतिम. म्हणजे माझी बाजू जिंकतेय. जीवाश्मवाले कुठे गेले?

खडपाखाली

आलो. आधी गोव्यापुरतं निस्तरतो, म्हणजे "आमच्या डोंगरात डायनासोर मिळेल का" हा प्रश्न येणार नाही. मिळणार नाही. गोव्याचा बहुतेक खडक डायनासोरांच्या फार फार आधीचा आणि उष्णतेने, दाबाने रूपांतरित झालेला आहे. वरचा जांभा ही त्याच्या झिजेची साय. ईशान्येला सत्तरीच्या कडेला दख्खनचा काळा पाषाण लागतो, पण तो लाव्हा. हाडं हवीत तर गुजरातेत बालासिनोरजवळ रहिओलीला किंवा जबलपूरला जा.

आता टोळीचा मुद्दा. सगळी कथा एका प्राण्यावर उभी आहे, डायनोनिकस. जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ साली त्याचं वर्णन केलं, मोंटानातल्या हाडांवरून. साठ-सत्तर किलोचा शिकारी, पायाला विळ्यासारखी नखी. त्याच खाणीत टेनोंटोसॉरस नावाच्या कितीतरी मोठ्या शाकाहाऱ्याची हाडं, आणि आजूबाजूला किमान तीन डायनोनिकस. ऑस्ट्रॉम यांनी तर्क केला: एकट्याला हे जमणार नाही, म्हणजे टोळी. तर्क वाजवी होता, पण तेवढाच.

रोच आणि ब्रिंकमन यांनी २००७ मध्ये विचारलं, टोळीच का? कोमोडोचे घोरपडीसारखे ड्रॅगन बघा. एका मढ्यावर दहा जमतात, एकमेकांना फाडतात, लहान ड्रॅगन मोठ्यांच्या तोंडी जातात. तिथे चिखल साचून जीवाश्म झाला तर आपण हेच म्हणू, "बघा, टोळी".

२०२० मध्ये दातांनी साक्ष दिली. दाताच्या एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कठीण थरात, कार्बनची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) असतात आणि त्यांचं प्रमाण खाण्यावर ठरतं. लहान आणि मोठ्या डायनोनिकसचे दात किंचित खरवडून ती पूड वस्तुमान वर्णपटमापकात (अणू वजनाप्रमाणे वेगळे करणाऱ्या यंत्रात) तपासली. दोघांचं अन्न वेगळं निघालं. लांडग्याच्या किंवा कोळसुंद्याच्या कळपात पिल्लं मोठ्यांनी मारलेलंच खातात, तिथे असा फरक दिसायला नको. मगरींमध्ये दिसतो, कारण मगरीचं पिल्लू किडे-बेडूक खातं आणि मोठी मगर मोठं जनावर. त्याच थरातल्या मगरवर्गीय प्राण्यांच्या दातांतही तसाच फरक सापडला. यात चूक कुठे होऊ शकते? जमिनीतल्या पाण्याने कोट्यवधी वर्षांत एनॅमलचं रसायन बदललं तर. म्हणूनच त्याच थरातल्या दुसऱ्या प्राण्यांशी ताडून बघतात. पाण्याने सगळ्यांचं सारखंच बिघडवलं असेल तर प्राण्या-प्राण्यांतले फरक पुसले जातात.

मांजरपंथी

आणि चीनमधले ठसे? शान्तुंगला दोन बोटांवर चालणाऱ्या, डायनोनिकसच्या जातकुळीतल्या प्राण्यांचे सहा समांतर माग आहेत ना?

खडपाखाली

आहेत. ठसा साधारण २८ सेंटिमीटरचा, सहाही माग एका दिशेने, एकमेकांना न छेदता. एकत्र चालत होते असं म्हणायला बरा पुरावा. पण एकत्र चालणं म्हणजे एकत्र शिकार नव्हे. आणि नदीकाठचा किंवा तळ्याकाठचा चिखल असेल तर काठच दिशा ठरवतो, वेगवेगळ्या वेळी गेलेलेही समांतरच जातात. म्हणून ठशांची खोली आणि कडा कशा ढासळल्यात ते बघतात. सगळे ठसे सारखेच खोल आणि कडा सारख्याच ढासळलेल्या असतील तर चिखल त्या वेळी सारखाच ओला होता, म्हणजे वेळही जवळपासची.

एका जागी सापडलेल्या हाडांच्या ढिगाचं कसं वाचतात तेही सांगतो, कारण बातमीत नेमकं हेच गाळलेलं असतं. पहिलं, डोकी मोजायची. म्हणजे कवट्या नव्हेत. एकाच बाजूचं एकच हाड, समजा डावी मांडी, किती वेळा आलं ते मोजायचं. तो आकडा म्हणजे 'किमान इतके प्राणी'. दुसरं, लांब हाडांची दिशा होकायंत्राने घेऊन मांडायची. बहुतेक एका दिशेला लागली असतील तर पाण्याने वाहून आणलीत. लहान हाडंच गायब असतील तरी तेच, प्रवाह हलकी हाडं आधी नेतो. तिसरं, हाडांचा पृष्ठभाग. काही तडकलेली, पापुद्रे गेलेली आणि काही गुळगुळीत असतील तर ती वेगवेगळ्या वर्षी उघड्यावर पडली होती, म्हणजे मृत्यू एकाच वेळचे नाहीत. चौथं, हाडाचा पातळ काप घेऊन वाढीच्या रेषा मोजायच्या, झाडाच्या खोडासारख्या, म्हणजे वय मिळतं.

या चाळणीतून कॅनडातल्या अल्बर्टाच्या ड्राय आयलंडचा ढीग बऱ्यापैकी तग धरतो. बार्नम ब्राउन यांनी १९१० साली तो शोधला, नंतर जागाच हरवली. १९९७ मध्ये फिलिप करी यांनी जुन्या छायाचित्रांवरून ती पुन्हा शोधली. अल्बर्टोसॉरस हा टी-रेक्सचा चुलत भाऊ, किमान १२, कदाचित २६ जण, दोन वर्षांच्या पिल्लापासून अठ्ठावीस वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. शाकाहाऱ्यांची हाडं जवळपास नाहीत. कळप असेल असं म्हणायला जागा आहे. पण पूर किंवा दुष्काळही त्यांना एकत्र आणू शकतो. युटामधल्या एका खाणीत किमान ४६ अ‍ॅलोसॉरस (हेही मोठे मांसाहारी डायनासोर) आहेत, तिथे कळपापेक्षा आटत्या पाणवठ्याची चर्चा जास्त होते.

आपल्या रहिओलीतही राहिओलीसॉरस या मांसाहारी डायनासोरचे किमान सात जण एकाच जागी मिळालेत (वर्णन २०१०). अजून कुणी त्यांना टोळी म्हटलेलं नाही, ही कृपा.

कट्टाकुचकट

वाट बघा. एखादा टीव्हीवाला आला की सातही जण "बालासिनोर गँग" होतील.

खाजनबाय

पाण्याकडे कुणी वळेना म्हणून मीच लिहिते. गोव्यात कळपाने शिकार बघायची तर जंगलात जायलाच हवं असं नाही, चोडण आणि कुंभारजुवे ही खाडीकाठची गावं पुरे. खाडीतली मोठी पाणमांजरं सात ते अकरा किलोंची, कुटुंबाने राहतात. मासे पकडताना ती ओळीत किंवा इंग्रजी व्हीच्या आकारात पोहतात आणि माशांचा थवा उथळ पाण्याकडे किंवा काठाकडे ढकलतात. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधाला ओहोटीच्या वेळी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी बाहेर पडतं आणि शेवटे मासे त्या अरुंद तोंडाशी गोळा होतात. अर्धं रिंगण बांधानेच करून ठेवलेलं असतं. अशा जागी तीन-चार जणही पुरतात.

डोंगरातल्या ओढ्यांत दुसरी लहान जात आहे, ती खेकड्यांवर जगते. ती एकेकटीने दगडाखाली हात घालून चाचपते. कुटुंबात राहते पण शिकार प्रत्येकाची आपापली. खेकड्याला हाकून काय करणार, तो बिळात जातो. म्हणजे पद्धत भक्ष्यावरून ठरते. विष्ठेवरूनही कळतं: खवले आणि मणके असतील तर मोठी जात, कवचाचे लाल-नारिंगी तुकडे असतील तर लहान.

आणि मगर! कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून मांगे थापणी होते. आपले लोक तिला बांधाची राखणदार मानतात, बाकीचं जग तिला मठ्ठ समजतं. पण नाईल मगरी कालव्याच्या तोंडाशी अर्धवर्तुळात राहून वाहत्या पाण्यातले मासे टिपतात, प्रत्येक जण आपली जागा न सोडता. जागा सोडली तर शेजाऱ्याशी भांडण आणि मधून मासा निसटतो. चेन्नईजवळच्या मगर केंद्रात तर बगळ्यांच्या घरटी बांधायच्या दिवसांत मगरी तोंडावर काटक्या ठेवून पडून राहतात असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. बगळा काटकी न्यायला आला की संपला.

गणिती_गाढव

काटक्यांच्या गोष्टीवर जपून, बाय. ज्या पाण्यात घरटी असतात तिथे काटक्या तरंगतातच, मगरीच्या डोक्यावर त्या आपसूकही अडकतील. अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरांवर नंतर मुद्दाम प्रयोग झाले, त्यांत आमिषाच्या कल्पनेला आधार मिळाला नाही.

दर्याकाठ

खाजनबाय, अर्धवर्तुळाचा मुद्दा समुद्रातही लागू आहे, पण तिथे गणितीबाबांना त्रास देणारी उदाहरणं आहेत. फ्लोरिडातल्या सीडर की इथे बॉटलनोज डॉल्फिनांच्या टोळ्यांत एकच ठराविक डॉल्फिन हाकणारा असतो, दर वेळी तोच. बाकीचे भिंत करून उभे राहतात. मासे भिंतीवरून उड्या मारतात आणि हवेतच तोंडात जातात. आपल्या आग्वाद, पाळोळेच्या पाण्यात दिसतो तो कुबडवाला डॉल्फिन, वेगळी जात, त्याला ही भूमिका लावू नका. पर्यटकांच्या होडीवर हे हमखास सांगितलं जातं.

खरा धक्का हेकरूसारख्या माशांचा आहे. लाल समुद्रात ग्रूपर मासा, म्हणजे हेकरूचाच जातभाई, मोरे नावाच्या बाममाशासारख्या प्राण्याच्या बिळाशी जाऊन डोकं हलवतो, जणू बोलावतो. मोरे फटीत घुसतो, ग्रूपर बाहेर राखण करतो. भक्ष्य फटीत लपलं असेल तर ग्रूपर त्या जागेवर डोकं खाली करून उभा राहतो आणि मोरे तिकडे येतो. बशारी यांनी २००६ मध्ये हे मांडलं. दोन वेगळ्या जाती, मेंदू चिमूटभर, तरी इशारा आहे.

मेंदूज्वर

मेंदूच्या वजनावर अजून कुणी आलं नाही, आश्चर्य आहे. टी-रेक्सच्या बाबतीत ताजी मारामारी सांगतो. २०२३ मध्ये एर्कुलानो-होझेल यांनी कवटीच्या पोकळीच्या मापावरून आणि पक्ष्यांच्या प्रमाणावरून हिशेब केला: मेंदूच्या पुढच्या भागात तीन अब्जांहून जास्त चेतापेशी, म्हणजे बबून माकडाएवढ्या. वर्तमानपत्रं खूश. २०२४ मध्ये कास्पार आणि इतरांनी तो हिशेब पुन्हा मांडला. मगरीच्या कवटीत मेंदू पोकळीचा अर्धाही भाग भरत नाही. टी-रेक्सचंही तसंच धरलं तर, चेतापेशींची घनता सरपटणाऱ्या प्राण्यांची घेतली की पक्ष्यांची त्यावर, आकडा २५ कोटी ते १७० कोटींच्या मध्ये येतो. म्हणजे मगरीसारखा, पण मोठा. आकडा एकाच कवटीचा, फरक फक्त कुणाला नातेवाईक धरलं त्याचा.

आणि मोलेकरबाब, अक्कल लागतेच असं एक उदाहरण. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात चिंपांझी कोलोबस माकडं मारतात. बोश यांनी तिथे हाकणारा, अडवणारा आणि पुढे जाऊन थांबणारा अशा भूमिका नोंदवल्या. शेवटची भूमिका जमायला नराला वीसेक वर्षं लागतात, कारण माकड अजून तिकडे वळलेलंच नसतं. पण तिथेही वाद आहेच, झाडांवरची गर्दी बघून कुणी काय ठरवलं हे वाचायचं कसं?

मांजरपंथी

कुणीतरी स्मायलोडॉनबद्दल, म्हणजे त्या नामशेष सुळेवाल्या मार्जाराबद्दल, बोला. सुळे सात इंच आणि धाग्यात एक ओळ नाही.

खडपाखाली

लॉस एंजेलिसच्या डांबराच्या खड्ड्यांत सापडलेले नामशेष भीमकाय लांडगे चार हजारांच्या वर, स्मायलोडॉन दोन हजारांच्या आसपास. अडकलेल्या जनावराच्या आरोळीवर शिकारी येतात आणि स्वतःही अडकतात. कार्बोन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आफ्रिकेत भक्ष्याच्या आरोळ्यांचं ध्वनिमुद्रण वाजवून पाहिलं. कळपाने राहणारे सिंह आणि तरस मोठ्या संख्येने आले, एकटे राहणारे फारच कमी. म्हणजे खड्ड्यात इतके स्मायलोडॉन असतील तर तेही कळपाने राहत असावेत. शिवाय २०२१ मध्ये एका स्मायलोडॉनच्या कंबरेच्या सांध्याचं सीटी स्कॅन झालं, जन्मापासून बिघडलेला सांधा, तरी तो प्रौढ झाला. शिकार स्वतः करणं कठीण होतं, कुणीतरी खाऊ दिलं असणार.

हा मला वरच्या सगळ्यांत चांगला पुरावा वाटतो. पण रानवाट यांचं वाक्य आठवा: वाटून खाणं म्हणजे मिळून मारणं नव्हे.

मोलेकर

मग मूळ प्रश्नाकडे येतो. ठिपके दोन नियमांनी रिंगण करतात, मासे इशारे करतात, सिंहिणी बसून बघतात. डोक्याने केलेली शिकार ओळखायची तर नेमकं काय दिसलं पाहिजे?

मेंदूज्वर

जोडीदार नसताना वागणं बदलतं का, हे बघायचं. ठिपकेवाल्या तरसांवर ड्रिया आणि कार्टर यांनी २००९ मध्ये हा प्रयोग केला. दोन दोऱ्या, दोन्ही एकाच वेळी ओढल्या तरच फळी उघडून मांस पडतं. शिकवलं नव्हतं तरी तरसांच्या जोड्यांनी ते सोडवलं. आणि जोडीदार नवखा असेल तर जाणत्या तरसाने आपली पद्धत बदलली. 'आपण' म्हणजे दोघं, हे कुठेतरी कळत असल्याची ती खूण. दोन दादा एकत्र आले की मात्र काम बिघडायचं.

आयतोबा

शेवटच्या वाक्यासाठी तरसांची काय गरज, पंचायतीची बैठक पुरे.

रानवाट

आपल्या जंगलात दोऱ्या बांधता येणार नाहीत, पण मोलेकरांच्या प्रश्नाचा थोडा भाग कॅमेऱ्यांनी सुटेल. वनखात्याची लेखी परवानगी घेऊनच. मेलेलं जनावर सापडलं म्हणून तिथे कॅमेरा लावायचा नाही, आपल्या वासाने कळप सोडून जातो. ओढ्याच्या उताराकडे जाणाऱ्या वाटा निवडायच्या, पाच-सहा कॅमेरे, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, चित्रफितीवर ठेवून. पांढरा फ्लॅश नको. पावसाळ्यात भिंगावर आतून वाफ धरते, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकायची आणि दर फेरीला बदलायची. नाहीतर जून ते सप्टेंबर नुसतं दूध दिसतं.

सगळ्यात जास्त घोळ घड्याळांचा. महिनाभरात प्रत्येक कॅमेऱ्याचं घड्याळ वेगवेगळं सरकतं. पहिला कोळसुंदा कुठून गेला आणि सांबर नंतर वळलं की आधी, हा सगळा निवाडा काही सेकंदांचा असतो. म्हणून लावताना आणि काढताना, दोन्ही वेळा प्रत्येक कॅमेऱ्यासमोर जीपीएसची वेळ दाखवणारा फोन धरायचा. मधला फरक नंतर समान वाटून दुरुस्त करता येतो.

गणिती_गाढव

आणि त्या वेळा माझ्याकडे पाठवा. सांबर वळण्याआधी कुणी त्या वाटेवर पोचलेला दिसला, आणि तेही पुन्हा पुन्हा, तर माझे दोन नियम हरले. पाच-सहा वेळा दिसलं तर योगायोग म्हणेन, भांडायची तयारी ठेवा.

रानवाट

आधी त्या वाटेवर सांबर येऊ दे. नोव्हेंबर ते मार्च बिळात पिल्लं असतात, तेव्हा सगळा कळप एकत्र दिसत नाही, एखाद-दुसरा राखणीला मागे राहतो. त्या महिन्यांच्या फितींवरून भूमिका ठरवू नका. परवानगीचा अर्ज आत्ताच करा, मंजुरीला वेळ लागतो.